कागद आमचा, ओळही आमची

पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा नावाचा भाग आहे. तिथे हाताने कागद करणारे कारागीर राहत आणि हे कागदी मुसलमान होते. चिंध्या आणि तागाचे तुकडे भिजवायचे, चुन्यात मुरवायचे, कुटून लगदा करायचा, हौदातल्या पाण्यातून साच्यावर तो उचलायचा, ताव वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची, असा तो उद्योग. जुन्नरचा कागदही त्या काळी नावाजलेला होता. ज्या पेशवे दप्तराच्या रुमालांवरून मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला, ते रुमाल अशाच हातकागदाचे आहेत.

लिहिण्याशी आमचे नाते इतके जुने आहे. कागद हा शब्द मराठीत फारसीतून आला. कलम, दौत, शाई, दप्तर, मसुदा, मजकूर हे सारे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आले. कवने रचणाऱ्याला मराठीने जे नाव दिले, ते 'शाहीर' म्हणजे मूळचा शायरच. शिवकाळात राजव्यवहारकोश तयार झाला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, तरी दौत आणि शाई मराठी माणसाच्या हातून सुटली नाही. म्हणून मराठीत लिहायला बसलेल्या मुसलमानाला कोणी विचारलेच, की बाबा, तू या घरात कसा, तर त्याने समोरच्या लेखनसाहित्याकडे बोट दाखवावे.

पण कागद तयार करणे वेगळे आणि त्या कागदावर आपल्या नावाची ओळ लिहिणे वेगळे. लिहिण्याने माणसाला आतून काय मिळते आणि त्यासाठी आतून काय मोजावे लागते, हा प्रश्न जगातल्या सगळ्याच लेखकांचा आहे. मराठीचे प्रमाण ठरवण्याचा मान ज्या शहराने स्वतःकडे घेतला, त्या पुण्यात आणि त्याच्या आसपास लिहिणाऱ्या मुसलमानाला मात्र तो जरा निराळ्या तऱ्हेने पडतो. त्याला आधी लेखक होण्याची परवानगी दोन घरांतून काढावी लागते. एक घर भाषेचे, दुसरे बिरादरीचे. दोन्हीकडून ती पुरती कधी मिळत नाही, आणि तरीही तो लिहितो. का लिहितो? याचे उत्तर आम्ही इथे इतिहासात शोधत आहोत, कारण आमच्याआधी लिहून गेलेल्यांनी ते आपापल्या परीने देऊन ठेवले आहे.

नाममुद्रा

सुरुवात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून करावी लागते. चांद बोधल्यांच्या परंपरेतला हा संतकवी. त्यांचा 'योगसंग्राम' हा ग्रंथ १६४५चा. ग्रंथाच्या नावातच संग्राम आहे, पण तो बाहेरच्या शत्रूशी नाही, माणसाच्या आतल्या विकारांशी आहे. आपण मुसलमान कुळातले आहोत, हे शेख महंमद आपल्या रचनेत लपवत नाहीत. ते सांगून मराठी ओवी लिहितात. त्यांच्या समाधीच्या जागेला काय म्हणावे यावरून अलीकडेही वाद झाले आहेत. जागेचा वाद चालूच राहतो, ग्रंथाचा मात्र कोणाला करता येत नाही. कारण शेख महंमदांनी आपली ओळ आपल्या नावानिशी लिहून ठेवली आहे. बीदर परिसरातले मुंतोजी बामणी आणि गीतेवर 'अंबरहुसेनी' ही टीका लिहिणारे हुसेन अंबरखान हे याच वाटेवरचे प्रवासी.

पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्याच्या फडांवर एक नाव गाजत होते, सगनभाऊ. जात मुसलमान, गाव जेजुरी, धंदा शिकलगाराचा. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर या शाहिरांच्या पंगतीत सगनभाऊंचे पान मानाने मांडलेले आहे. त्यांच्या लावण्या रसिकांनी डोक्यावर घेतल्या. दिवसा दुसऱ्याच्या तलवारीला धार लावणारा हा माणूस रात्री फडावर आपल्या शब्दाला धार लावत होता. ज्यांच्या तलवारी त्याने घासल्या त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. शिकलगाराचे नाव मात्र लावणीच्या शेवटच्या कडव्यात टिकून आहे.

शेवटच्या चरणात कवीने आपले नाव घालायचे, ही रीत अभंगात आहे, लावणीत आहे, आणि गझलेत तर तिचा नियमच आहे. गझलेच्या अखेरच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायराचे तखल्लुस येते. संत, शाहीर आणि शायर यांच्या वाटा किती वेगळ्या, पण आपल्या ओळीखाली आपले नाव असावे, ही ओढ एकच. या ओढीला कोणी अहंकार म्हणेल. आम्हाला ती साक्ष वाटते. 'हे मी पाहिले, हे मी भोगले, आणि हे मीच सांगतो आहे' एवढाच त्या मुद्रेचा अर्थ. लिहिणाऱ्याला मिळणारा पहिला मोबदला तो हाच, आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांच्याकडे पाहिल्यावर त्याची किंमत कळते.

गंज पेठेतल्या दोघी

पुण्याच्या गंज पेठेत, आजच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव-सावित्रीबाईंचा वाडा आहे. मोमीनपुरा तिथून हाकेच्या अंतरावर. मुलींना शिकवल्याबद्दल जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात सहभागी झाल्या, हे आमच्या पिढीने अभिमानाने ऐकले आणि सांगितले. १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेरी आजारी असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत कामाचा सगळा भार तिच्यावर पडला असेल याची काळजी आहे आणि ती तक्रार करणार नाही हा भरवसाही आहे.

बस्स, एवढेच. फातिमा शेख यांच्या स्वतःच्या हातची एकही ओळ आपल्यापुढे नाही. जानेवारी २०२५मध्ये समाजमाध्यमांवर वाद पेटला, की अशी बाई खरोखर होऊन गेली की नंतर कोणी ती रचली? तेव्हा अभ्यासकांना बोट ठेवावे लागले ते सावित्रीबाईंच्या त्या पत्रावर. दुसऱ्या बाईने काळजीपोटी लिहिलेल्या दोन-तीन वाक्यांनी फातिमाची बाजू लढवली. तिला स्वतःची साक्ष देता आली नाही, कारण तिने लिहिले नाही, किंवा लिहिले असेल तर ते कोणी जपले नाही.

आता तिच्याच काळातली, त्याच शाळांमधली दुसरी मुलगी पाहा. मुक्ता साळवे, मातंग समाजातली, जोतीरावांच्या शाळेची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला आणि १८५५मध्ये तो 'ज्ञानोदया'त छापून आला. तिच्या असण्याबद्दल कोणी शंका घेत नाही. घेणार कशी? तिचा तर्क, तिचा संताप, तिचे प्रश्न कागदावर आहेत. एका निबंधाने त्या मुलीला इतिहासात अशी जागा दिली, की तिथून तिला कोणी उठवू शकत नाही.

या दोघींची तुलना आम्ही कोणाला कमी-जास्त ठरवण्यासाठी करत नाही. फातिमाने जे केले ते लिहिण्याहून मोठे असेल. पण कामाचा भार वाहणारे हात लिहीत नाहीत, आणि न लिहिणाऱ्यांचा इतिहास पुढे दुसऱ्यांच्या मर्जीवर राहतो, हे त्यातून उघड दिसते. सावित्रीबाई आजारी पडल्या तेव्हा घर आणि शाळा सांभाळणारी कोणीतरी होती. प्रत्येक लेखनामागे असे सांभाळणारे हात असतात. हा मुद्दा आम्ही इथे नुसता नोंदवून ठेवतो. शंभर वर्षांनी तो पुण्याच्याच एका बाईच्या रूपाने पुन्हा समोर येणार आहे.

दलवाईंनी काय मोजले

हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, जन्म २९ सप्टेंबर १९३२चा. पुण्याशी त्यांचे नाव जोडले गेले ते २२ मार्च १९७० रोजी, मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना पुण्यात झाली तेव्हा. त्यांच्या सामाजिक भूमिकेवर आजवर भरपूर लिहिले गेले. या वार्षिकाच्या वाचकांत ती मानणारे आहेत आणि तिच्याशी कडाडून भांडणारेही आहेत. आमच्यातही त्यावर एकमत नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. हा माणूस मुळात कथाकार होता.

'लाट' हा कथासंग्रह १९६१चा, 'इंधन' ही कादंबरी १९६५ची. 'इंधन'चा निवेदक आजारपणामुळे मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाव पेटत जाते. तो आतला आहे आणि बाहेरचाही. त्याला सगळे दिसते, पण त्याला काही थांबवता येत नाही. कोकणातले मुसलमान मराठी कादंबरीत पाहुणे म्हणून डोकावून जात. इथे ते घरमालक होऊन आले, आपल्या प्रेमासकट आणि आपल्या खोटेपणासकट. दिलीप चित्रे यांच्यासारख्या कवीला ही कादंबरी इंग्रजीत न्यावीशी वाटली, यातच काय ते आले.

त्यानंतर दलवाईंच्या कथालेखनाचा ओघ आटला. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेला. मग सभा, दौरे, वाद, लेख, पत्रके. ३ मे १९७७ रोजी ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे चव्वेचाळीस होते. म्हणजे ललित लेखक म्हणून त्यांना मिळाली ती मोजकी वर्षे. उरलेली चळवळीने घेतली, अखेरची मूत्रपिंडाच्या आजाराने.

हे बरे झाले की वाईट, असा सवाल आम्ही करणार नाही. तो त्यांचा निर्णय होता आणि त्यामागे तळमळ होती. पण लेखकाच्या आतल्या हिशेबात या घटनेला फार महत्त्व आहे. कथा लिहिताना दलवाई प्रश्नाच्या आत होते. पत्रक लिहिताना ते प्रश्नासमोर उभे राहिले. कथेला सगळ्यांच्या बाजूने विचार करावा लागतो, ज्याचा राग येतो त्याच्याही बाजूने. पत्रकाला एकच बाजू पुरते. कायदा बदलला, काळ बदलला की पत्रक जुने होते, इतिहासाच्या अभ्यासकापुरते उरते. 'इंधन' मात्र आजही वाचताना चटका लावते, कारण ज्या जळणाविषयी ती आहे ते अजून संपलेले नाही.

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक मुसलमानासमोर ही निवड कधी ना कधी येते. समाज म्हणतो, आमची बाजू मांड. वाचक म्हणतात, तुमच्यातल्या सुधारणेविषयी सांगा. कुठे दंगल झाली, कुठे बॉम्ब फुटला, की फोन येतात, प्रतिक्रिया हवी असते. कविता अर्धी राहते. आम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कायमचे उभे. साक्ष द्यावीच लागते, ती टाळणे भ्याडपणाचे होईल. पण आयुष्यभर दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देत बसलो, तर आपल्या मनात उठलेला प्रश्न कधी लिहायचा? सृजनाच्या वाटेवरची आमची सगळ्यात मोठी परीक्षा हीच आहे. ती सेन्सॉरपेक्षा अवघड, कारण तिचा हुकूम बाहेरून येत नाही. तो आपल्याच सदसद्विवेकाच्या आवाजात येतो.

तीन पुस्तकांची नावे

दलवाई लिहीत होते, फिरत होते, तेव्हा घर कोण चालवत होते? मेहरुन्निसा दलवाई. जन्म पुण्याचा, १९३०चा. घरची भाषा उर्दू. १९५६मध्ये कोकणी मराठी बोलणाऱ्या हमीदभाईंशी लग्न झाले आणि मुंबईत संसार सुरू झाला. भाभींच्या नोकरीच्या पगारावर ते घर उभे होते. गंज पेठेतल्या फातिमासारखेच हे सांभाळणारे हात. फरक एवढाच, की या हातांच्या मालकिणीने आपली गोष्ट स्वतः सांगितली. १९९५ साली त्यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने आले. नाव, 'मी भरून पावले आहे'.

या नावापाशी आम्ही दरवेळी थबकतो. 'भरून पावलो' ही भाषा व्यवहारातली. जुन्या कागदपत्रांत येणे पूर्ण मिळाले की असे लिहून देत. पावती हा शब्द त्याच धातूचा. भाभींनी ही पावती कोणाला लिहून दिली? पती अकाली गेला होता. मंडळाच्या कामाला समाजातून शिव्या मिळत होत्या. शहाबानो प्रकरणाच्या काळात, १९८५मध्ये, तलाकमुक्ती मोर्चा घेऊन त्या महाराष्ट्रभर फिरल्या, तरी मागणी पदरात पडली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. भाभी त्याआधी अडीच महिने, ८ जून २०१७ रोजी पुण्यात वारल्या. म्हणजे जगाच्या हिशेबात त्यांची रक्कम कधी जमा झालीच नाही, आणि पावती तर त्यांनी बावीस वर्षे आधी लिहून दिली होती.

लिहिण्यातून मिळणाऱ्या आतल्या समाधानाची याहून नेमकी व्याख्या आम्हाला माहीत नाही. आयुष्य जगताना ते विस्कटलेले असते. घटनेमागून घटना अंगावर येतात. लिहायला बसल्यावर त्यांना क्रम द्यावा लागतो, कारण शोधावे लागते, कोणाचे किती चुकले हे न्यायाने पाहावे लागते. हा हिशेब मांडताना कधीतरी बेरीज जुळते आणि जे गेले तेही जमेच्या बाजूला येऊन बसते. पुस्तक खपले नाही, पुरस्कार मिळाला नाही, तरी ही जमा कोणाला वजा करता येत नाही.

दुसरे नाव सय्यदभाईंच्या पुस्तकाचे, 'दगडावरची पेरणी'. मंडळाच्या स्थापनेपासूनचे हे पुण्याचे कार्यकर्ते. बहिणीच्या वाट्याला आलेला तलाक पाहून पेटून उठलेला भाऊ. साहित्याच्या दरबारात त्यांची ऊठबस नव्हती, आणि तरी आपल्या लढ्याला त्यांनी दिलेले नाव कोणाही कवीने हेवा करावा असे आहे. दगडावर पेरणारा वेडा नसतो. पीक आपल्या हयातीत येईलच असे नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ८ एप्रिल २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी न्यायालयाचा निकालही पाहिला. पण पुस्तकाचे नाव पिकावर नाही, पेरणीवर आहे. लेखकाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ती ही.

तिसरे नाव मुंबईचे, पण त्याचा एक धागा पुणे जिल्ह्यातून जातो. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल 'अमर शेख' या नावाने महाराष्ट्राचे शाहीर झाले. पहिले नाव त्यांनी बदलून घेतले, पण शेख राहू दिले. १९६९मध्ये इंदापूरजवळ अपघातात ते गेले. त्यांची मुलगी, कवयित्री मलिका अमर शेख. नामदेव ढसाळ यांच्याशी झालेल्या लग्नाची होरपळ त्यांनी १९८४मध्ये लिहिली आणि पुस्तकाचे नाव ठेवले, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'.

भाभी म्हणतात मी भरून पावले, मलिका म्हणतात मला उद्ध्वस्त व्हायचंय. दोघीही लेखक-कार्यकर्त्यांच्या पत्नी, दोघींच्या नावात 'मी' आहे आणि दोघींचे निष्कर्ष दोन टोकांचे. आम्हाला यात विरोध दिसत नाही. लिहिणे कोणाला सांधते, कोणाला जखम उघडी ठेवण्याचे बळ देते. दोन्ही वेळा त्या बाईला दुसऱ्याच्या चरित्रातली तळटीप होऊन राहणे नामंजूर आहे. जळगावात मुस्लिम स्त्रियांवरच्या सिनेमाबंदीविरुद्ध १९८२मध्ये उभ्या राहिलेल्या आणि पुढे पुण्यात काम केलेल्या रझिया पटेल यांचे 'चाहूल' याच रांगेतले. फातिमा शेख यांची न लिहिलेली ओळ या बायकांनी आपापल्या परीने पुढे लिहिली, असे आम्ही मानतो.

दोन घरांच्या उंबऱ्यावर

१९९० हे साल आमच्यासाठी खुणेचे आहे. त्या वर्षी पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण. करमाळ्यात जन्मलेला, महानुभाव आणि संतसाहित्याच्या पोथ्यांत आयुष्य घालवलेला हा संशोधक. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या विचारवंताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले होते.

एकाच वर्षी पुण्याने आम्हाला व्यासपीठाच्या मधोमध बसवले आणि सोलापुरात आम्ही आपला वेगळा मांडव घातला. बाहेरच्यांना हे कोडे वाटले. पठाणसरांना अध्यक्ष करता, मग वेगळे संमेलन कशाला? याचे उत्तर अवघड नाही. पठाणसरांना मिळालेला मान त्यांच्या विद्वत्तेचा होता आणि तो योग्यच होता. पण मोहल्ल्यातला बागवान, पिंजारी, मोमीन, अत्तार, तांबोळी यांच्या घरातली माणसे मराठी कथा-कवितेत यायची होती, आणि ती लिहू पाहणाऱ्या पोरांना 'तू एकटा नाहीस' असे सांगणारे कोणी हवे होते. मांडव त्यासाठी होता. मांडवात सोबत मिळते, धीर मिळतो. ओळ मात्र घरी जाऊन एकट्यालाच लिहावी लागते.

आणि ती लिहिताना रोजच्या अडचणी किती साध्या असतात पाहा. कथेतली आई मुलाशी दखनीत बोलते. तिचे बोलणे दखनीत ठेवावे तर सदाशिव पेठेतला वाचक अडखळतो. प्रमाण मराठीत घालावे तर ती आई आपली राहत नाही. 'जनाजा' लिहिले की तळटीप द्यायची का? 'अम्मी'पुढे आई असा अर्थ द्यायचा का? ग्रामीण लेखकाने आपल्या भागातला शब्द वापरला की त्याला मातीचा गंध म्हणतात. आमच्या शब्दाला मात्र अर्थ विचारला जातो. सभेत कविता वाचून झाल्यावर कोणी कौतुकाने जवळ येते, "किती शुद्ध मराठी बोलता हो तुम्ही!" त्यात दुष्टपणा मुळीच नसतो, आणि म्हणूनच ते जास्त लागते. इकडे मोहल्ल्यात वडीलधारे विचारतात, "मराठीत कशाला लिहितोस? आपल्या घरातलं त्यांच्यापुढे कशाला मांडतोस?" त्यांचीही भीती खोटी नाही. त्यांनी वर्तमानपत्रातून आपल्या समाजाची अब्रू गेलेली पाहिलेली असते.

असे दोन वाचक लेखकाच्या दोन खांद्यांवर बसतात. एक म्हणतो अजून सांग, दुसरा म्हणतो गप्प बस. दोघांचे ऐकले तर लेखणी हलत नाही. एकाचेच ऐकले तर लेखन खोटे होते. पहिल्याचे ऐकणारा आपल्या माणसांची प्रदर्शनातली चित्रे काढतो, दुसऱ्याचे ऐकणारा वकीलपत्र घेतो. या दोघांना खांद्यावरून उतरवायला वर्षे लागतात. ज्या दिवशी ते उतरतात त्या दिवशी कथेतली आई ज्या भाषेत बोलते त्या भाषेत बोलू लागते, तळटीप आपोआप गळते, आणि कमाल म्हणजे दोन्ही घरचे वाचक ती समजून घेतात. हा क्षण फार क्वचित येतो. पण ज्याला तो आला तो लेखन सोडत नाही.

मराठी गझलेच्या बाबतीत हे घडलेले आपण पाहिले. माधव ज्युलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हे फारसीचे गाढे अभ्यासक. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५मध्ये पुण्यात निघाला, आणि 'गज्जलांजलि'तून त्यांनी गझलेची वृत्ते मराठीत रुजवली. सुरेश भटांनी तिला जनमानसात नेले. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात १९४६मध्ये जन्मलेले इलाही जमादार अनेक वर्षे पुण्यात राहिले, मराठी गझल लिहीत राहिले, नव्या मुलांना काफिया-रदीफ शिकवत राहिले. २०२१मध्ये ते गेले. 'जखमा अशा सुगंधी' ही त्यांची गझल गाणाऱ्याला ते मुसलमान की कोण, हे विचारावेसे वाटत नाही. मतला, मक्ता, काफिया, रदीफ हे शब्द आज मराठी कवी तळटिपेशिवाय वापरतो. दौत-शाईसारखे तेही घरचे झाले.

तेव्हा नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींना आम्ही एवढेच सांगू. पुण्यात शिकायला आलेली, कोंढव्यात-कॅम्पात राहणारी, कोणी दुकानात बसणारी, कोणी संगणकावर काम करणारी अशी तुम्ही मुले. मान्यतेची वाट पाहू नका; ती येईल किंवा येणार नाही. साक्ष देण्याची वेळ आली तर द्या, पण आपली अर्धी राहिलेली कविता तिच्यासाठी टाकून देऊ नका. घर सांभाळणाऱ्या हातांकडे पाहा, आणि त्या हातांतही कधी लेखणी द्या. शेख महंमदांना संग्राम आत करावा लागला, सगनभाऊंना दिवसभर दुसऱ्याची हत्यारे घासून मग आपला शब्द घासावा लागला, भाभींना पावती रक्कम येण्याआधीच लिहावी लागली. आपल्याला याहून वेगळे काही मिळणार नाही, आणि याहून कमीही मिळणार नाही.

कागदीपुऱ्यातल्या कारागिरांनी ताव घोटून ठेवले, त्यावर इतरांनी आपली दप्तरे लिहिली. आपल्या पुढ्यात आज कागद आहे आणि शाळेत शिकलेली मराठीही आहे. शेवटच्या चरणात आपले नाव घालायचे आहे. ते दुसरा कोणी घालणार नाही.